चुकीच्या उत्तरांचा रकाना

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. आई बरी आहे. खुब्याचे दुखणे कसे आहे ते खरे लिहा, नेहमीसारखे "ठणठणीत" लिहू नका, असा तिचा निरोप आहे.

आता पार्कातली बातमी. तुम्ही घाबराल म्हणून आधीच सांगतो, ती वाईट नाही. नवे साहेब येऊन दोन महिने झाले. प्रत्येक राइडमध्ये ते स्वतः बसतात आणि वहीत काहीतरी लिहितात. काल ते आपल्या खाणीत लागोपाठ तीनदा बसले. बाहेर येऊन मला म्हणाले, "पत्र्याची शेड, एक मिनिट चाळीस सेकंदांची गाडी, आणि शेवटी नऊ मीटरची एक उडी. बरोबर?"

मी म्हणालो, "बरोबर. पण साहेब, ती खाण आहे."

ते हसले. "तेच विचारतोय. ती खाण नसती, तर काय बिघडलं असतं?"

घरी आल्यावर सतरा उत्तरे सुचली. ती मी लिहून ठेवली आहेत, पण त्यांतले एकही धड वाटत नाही.

साहेबांचे म्हणणे असे. प्लास्टरचे पोपडे पडतात, दर महिन्याला दुरुस्तीसाठी राइड दोन दिवस बंद ठेवावी लागते. लोकांना देखाव्यामुळे मजा येत असेल तर दुरुस्ती करू, नाहीतर सगळे काढून टाकू आणि नुसती गाडी ठेवू. हे लोकांनाच विचारायचे. माझे अक्षर स्वच्छ आहे आणि मी काही गाळत नाही, म्हणून काम माझ्याकडे आले. बारा दिवस, रोज पन्नास माणसे, एकूण सहाशे. बाहेर येणाऱ्याला एकच प्रश्न : "आत काय काय दिसलं?" लोकांना दिसत असेल तर राहील. हे साहेबांचे शब्द आहेत, मी तिथल्या तिथे टिपून घेतले.

मामा, मला फार बरे वाटले. वीस वर्षांपूर्वी तुम्ही एकट्याने उभी केलेली गोष्ट कागदावर सिद्ध करायची संधी माझ्यासारख्याला मिळाली. आता एक काम तुमच्याकडे आहे. आत तुम्ही बनवलेल्या प्रत्येक वस्तूची यादी पाठवा. मी केली आहे, ती छत्तीसवर थांबते. एखादी राहिली आणि नेमकी तीच कोणी सांगितली तर घोटाळा होईल.

तुमचा भाचा


९ फेब्रुवारी

मास्तर,

नववीत शाळा सोडलीस आणि तरी माझ्या पत्रांतल्या वेलांट्या दुरुस्त करून परत पाठवतोस, तेव्हा ही पदवी तुला कायमची. खुबा ठणठणीत आहे. तुझ्या आईला सांग, खरं लिहिलंय. जिन्याशी मात्र आमचं बोलणं बंद आहे.

छत्तीस? अरे, एक्केचाळीस आहेत! यादी मागच्या पानावर आहे. तू बहुतेक हजेरीच्या खोलीतल्या खुंट्यांवरचे कपडे एकच धरलेस. ते कोट वेगळे, टोप्या वेगळ्या. एका कोटाची बाही शिवून लहान केलेली आहे, तो हात गेलेल्या माणसाचा. ती अठरा नंबरची वस्तू.

एक नंबर अर्थातच खिडकीतला मुकादम. तो मान वर करत नाही, नुसता शिक्का मारत राहतो. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, याला डोळे लावा, मान हलवा. मी म्हटलं, साहेब, जो आपल्याकडे बघतच नाही त्याच्यापुढे माणूस जास्त गरीब होतो. एकोणीस नंबर आंधळं खेचर. सत्तावीस नंबर डबा उघडून बसलेला माणूस. त्याचा चेहरा तुझ्या मामीच्या भावाचा आहे. त्याला अजून माहीत नाही, तू सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. माणसाला भीती गाडीत नाही लागत, रांगेत लागते. त्या हजेरीच्या खोलीत वीस मिनिटं उभा राहिला की माणूस अर्धा खाली गेलेला असतो. मग शेवटची उडी नऊ मीटरची असो की पाच, त्याला काय कळतंय. म्हणून लोकांना नुसतं विचारू नकोस, बाहेर येतात तेव्हा तोंडाकडे बघ. आणि पोलिसासारखा विचारू नकोस. तुझी ती सवय आहे.

आमची चिमणी, म्हणजे माझी नात, आता सात वर्षांची होईल. तुमच्या राइडच्या दारातल्या उंचीच्या पट्टीला अजून दोन बोटं कमी आहे. रोज चौकटीला पाठ लावून उभी राहते आणि हळूच टाचा उचलते, लबाड. तिला झोपवताना मी गेली तीन वर्षं तीच खाण सांगतोय, दुसरी गोष्ट तिला चालतच नाही. मे महिन्यात सुट्टी लागली की घेऊन येतो. तेवढं एक बघायचंय मला. बाकी आता फार काही बघायचं राहिलेलं नाही.

मामा


२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

यादी मिळाली. आभारी आहे. मी तिचा तक्ता केला : डावीकडे एक्केचाळीस वस्तू, त्यापुढे खुणा करायला चौकोन, उजवीकडे दोन रकाने, "काही सांगितले नाही" आणि "चुकीची उत्तरे". साहेबांना तक्ता फार आवडला. "असा कागद मी शिकलेल्या लोकांकडेही पाहिला नाही," असे ते म्हणाले. मी हे फुशारकीसाठी लिहीत नाही. तुमच्यामुळे झाले म्हणून लिहितो.

सात दिवस झाले. लोक खूप बोलतात. बाहेर येताना कोणाचे केस विस्कटलेले असतात, कोणी उगाच हसत असते, एक बाई तर माझा हात धरून बोलली. उत्तरे भरपूर येत आहेत.

काही माणसे मात्र भलतेच सांगतात. एकाने आत घोडा होता म्हणून सांगितले. मी वाद घातला नाही, पण ते खेचर आहे, तेव्हा उत्तर चुकीचे धरावे लागले. एका मुलीने सांगितले की खाली अजून एक मजला आहे आणि तिथे माणसे काम करतात. मी जेवणाच्या सुट्टीत टॉर्च घेऊन आत गेलो आणि जमीन ठोकून पाहिली. मजला नाही. तुम्ही बनवलेला असता तर यादीत असताच. असे संशय वाटणारे प्रत्येक उत्तर मी आत जाऊन तपासतो आणि मगच लिहितो, म्हणजे उद्या कोणी बोट ठेवायला नको.

आई म्हणते, तू जेवत नाहीस. जेवतो आहे.

तुमचा भाचा


२७ फेब्रुवारी

मास्तर,

घोडा म्हणणाऱ्याला परत आत पाठव आणि कान मोजायला लाव! पंधरा दिवस चिकणमाती कालवून कान केले होते मी त्याचे.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. चिमणीने टाळ्या वाजवल्या. जावई म्हणाले, "म्हणजे खाण राहणार तर." मी म्हटलं, राहणार म्हणजे? पोरगा सहाशे माणसांची साक्ष काढतोय, गंमत आहे का? शेजारच्या शिंप्यालाही सांगून झालं, त्यामुळे आता गावभर झालं समज.

दुरुस्तीचं आत्ताच सांगून ठेवतो. पोपडा पडतो तिथे नुसतं प्लास्टर थापू नका, चार दिवसांत खाली येईल. आधी काथ्या प्लास्टरच्या पाण्यात बुडवून जाळीत गुंतवा, तो सुकू द्या आणि मग वरचा हात द्या. काळा रंग कधीही नुसता काळा देऊ नका, त्यात थोडा हिरवा टाका. नुसता काळा भिंतीसारखा दिसतो. हिरवा टाकला की खोल दिसतो.

अकरा मेचं तिकीट काढायला सांगितलंय. आकडे कधी कळवतोस?

मामा


२९ मार्च

प्रिय मामा,

एक महिना मी पत्र लिहिले नाही. तुमची दोन कार्डे आली, ती माझ्यासमोर आहेत. मी आजारी नव्हतो. आईने तसे कळवले असेल तर ते माझ्या सांगण्यावरून.

आकडे लिहितो. विचारलेली माणसे सहाशे. यादीतली किमान एक वस्तू बरोबर सांगणारी एकाहत्तर. "मजा आली" याखेरीज काही न सांगणारी एकशे एक्केचाळीस. बाकी तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसांची उत्तरे चुकीची. बेरीज मी चार वेळा केली.

मागच्या पत्रात "उत्तरे भरपूर येत आहेत" असे लिहिले होते. ते खोटे नव्हते, पण तुम्ही त्याचा काय अर्थ घ्याल ते मला ठाऊक होते. मला वाटले होते, उरलेल्या पाच दिवसांत भरून निघेल.

तक्ता द्यायच्या आदल्या दिवशी मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. एकाहत्तरचे एकशे एकाहत्तर करायला एक आकडा पुरतो. मामा, माझा हात धजला नाही. एवढ्यासाठीच तर मला हे काम दिले होते.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "वीस वर्षांपूर्वी हा माणूस एवढा खपला, आणि शंभरातल्या बारा जणांना ते दिसलं. वाईट वाटतं रे." त्यांना खरेच वाईट वाटले होते. मग म्हणाले, "लोक पडायला येतात. भिंती बघायला येत नाहीत. तूच लिहून दिलंयस."

मी म्हणालो, "साहेब, मे महिन्यापर्यंत थांबता येईल का?"

"मेमध्ये तर गर्दी. गर्दीच्या आधीच उरकायला हवं ना?"

वस्तूंची यादी माझ्याकडे आहे म्हणून काढायचे कामही माझ्याकडे आले. सोमवारी सुरू केले, शनिवारी संपले. मुकादम तुमच्याकडे पाठवता येईल, निदान खेचर तरी, असे मनात होते. पण तुम्ही सगळे शेडच्या आत बसून बनवलेले. एकही वस्तू दारातून अखंड बाहेर निघेना. खेचराचे तीन तुकडे करावे लागले. ते मी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. बरोबर केले की नाही, कळत नाही.

काथ्या चांगला होता. वीस वर्षांनी ओढला तरी तुटत नव्हता. दोघादोघांना ओढावा लागला.

आता आत पांढरा रंग दिला आहे. मला जमले नाही, मामा.

तुमचा भाचा


४ एप्रिल

मास्तर,

तुझं पत्र घरात कोणाला दाखवलं नाही. चिमणीला तर नाहीच.

तो तक्ता मला बघायचाय. मूळ किंवा नक्कल, जे असेल ते पाठव. सगळा पाठव, एकही पान ठेवून घेऊ नकोस. तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसांना घोडाच दिसला असेल, असं मला वाटत नाही.

मामा


१६ एप्रिल

मास्तर,

पानं मिळाली. तीन दिवस वाचतोय. भिंग घेऊन वाचावं लागतं, पण तुझं अक्षर असं की आंधळ्यालाही लागावं. प्रत्येक उत्तरापुढे तू लाल फुली मारली आहेस आणि बारीक अक्षरात लिहिलं आहेस, "अशी वस्तू आत नाही. स्वतः जाऊन खात्री केली."

आता मी तुझीच पानं तुला वाचून दाखवतो. खुर्चीत नीट बस.

"पाणी ठिबकत होतं." असं सांगणारी माणसं त्र्याण्णव. मी मोजली. माझ्या खाणीत पाणी नव्हतं रे. नळ सोड, बादलीसुद्धा नव्हती.

"थंडी वाजली." अठ्ठावन्न. पत्र्याची शेड, भर दुपार, तुझा सदरा घामाने चिकटलेला असणार, आणि समोरचा सांगतोय थंडी वाजली. फुली.

"कोणीतरी खोकत होतं." "मानेवर माती पडली." "मुकादमाने माझ्याकडे बघितलं." हे एकतीस जणांनी सांगितलंय. ज्याला मी डोळे दिले नाहीत त्याने एकतीस जणांकडे बघितलं. प्रत्येकापुढे तुझी फुली आहे, आणि एका ठिकाणी तर तू लिहिलं आहेस, "पुतळ्याची मान हलत नाही, हाताने हलवून पाहिली."

आणि ती बाई, तुझा हात धरून बोलली ती. "माझे वडील असेच कामावरून यायचे. त्यांच्या कोटाचा वास आला." तू लिहिलंस, "कोट तपासले. वास नाही."

मास्तर, या तीनशे अठ्ठ्याऐंशी माणसांना देखावा दिसला नाही, कारण ती खाणीत होती. जे देखावा बघून आले ते तुझे एकाहत्तर. त्यांना पुतळा पुतळ्यासारखा दिसला, खेचर खेचरासारखं दिसलं. ते माझे हुकलेले. तू हुकलेल्यांना बरोबर धरलंस आणि लागलेल्यांना चूक.

तुला बोलतोय असं समजू नकोस. म्हणजे बोलतोयच. पण यादी कोणी दिली? एक्केचाळीस आहेत म्हणून छाती कोणी फुगवली? रांगेतलं छत मी दर दहा पावलांवर चार बोटं खाली आणलं होतं. माणसं कमरेत वाकून चालायची, डोक्यावर दोन हात जागा असताना. त्या खाणीतलं माझं सगळ्यात चांगलं काम ते. मी ते यादीत घातलं नाही. का? तर ती वस्तू नव्हती. तू फेब्रुवारीतच मला लिहिलं होतंस की लोक खालचा मजला सांगतात, आणि मी खेचराच्या कानांच्या गोष्टी करत बसलो. आपण दोघे एकाच माळेचे मणी.

ही पानं घेऊन साहेबाकडे जा. तो मुकादमासारखा नाही, तुझं ऐकतो. सांग, आकडा उलटा वाचायचा होता. मी बसल्या बसल्या मातीचं काम करू शकतो. मला नुसतं एक शेड आणि दोन माणसं द्या म्हणावं. मेपर्यंत हजेरीची खोली तरी उभी करू. तेवढीही पुरेल.

मामा


२८ एप्रिल

प्रिय मामा,

गेलो होतो. तुमचे पत्र आधी वीस वेळा वाचले, मग गेलो.

मी सगळे सांगितले. पाणी, थंडी, मुकादम, छत. साहेबांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. मग त्यांनी कपाटातून मूळ तक्ता काढला, पान उघडले आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. "हे तू लिहिलंस ना?"

"हो."

"मग तेव्हा 'चुकीची उत्तरे' का लिहिलंस?"

मी म्हणालो, "तेव्हा मला ती चूकच वाटली."

"आणि आता मामांचं पत्र आल्यावर बरोबर वाटतात." ते रागाने बोलले नाहीत. "अरे, तुझ्या कागदात चूक नसते म्हणून मी एवढा मोठा निर्णय घेतला. आता तूच म्हणतोस, कागद उलटा वाचा. उद्या तिसऱ्या बाजूने वाचायला सांगशील." मग खिडकीतून रांग दाखवली. "बघ. आहे तेवढीच आहे."

ते खरे आहे. रांग आहे तेवढीच आहे.

त्या दिवसापासून काम संपल्यावर मी खाणीच्या बाहेरच्या दारात उभा राहतो. कोणी सांगितलेले नाही. तोच प्रश्न विचारतो, "आत काय काय दिसलं?" लोक सांगतात : "रूळ." "दिवे." "पांढऱ्या भिंती." सगळी उत्तरे बरोबर आहेत, मामा. एकही चूक नाही. एकजण म्हणाला, "काय दिसायचंय? उडी होती." बरेचजण म्हणतात, लवकर संपली. मी घड्याळ लावून पाहिले, गाडीला पूर्वीइतकाच वेळ लागतो, एक मिनिट चाळीस सेकंद. केस विस्कटतात, पण हसत कोणी येत नाही. आणि तरीही ते पुन्हा रांगेत उभे राहतात, कारण दुसरे काय करायचे, पार्कात तर आलेलेच आहेत.

आता माझी एकच विनंती आहे. अकरा मेचे तिकीट परत करा. चिमणीला सांगा की राइड बंद पडली. कशामुळे विचारले तर माझे नाव सांगा. तिला हे दाखवू नका.

मंगळवारी माझी सुट्टी असते. त्या दिवशीही मी घरी बसू शकत नाही, पण पार्कात सुट्टीच्या माणसाला सोडत नाहीत, म्हणून भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून फिरतो. आईला सांगू नका.

तुमचा भाचा


२१ मे

मास्तर,

मंगळवारी तू आत नसतोस, म्हणून आम्ही मंगळवारी आलो. तुझ्या आईलाही कळवलं नाही. तुझ्यावर राग नाही. तुझ्यासमोर ते बघायचं बळ नव्हतं, एवढंच.

तिकीट परत करणार होतो. पण चिमणी पट्टीच्या वर गेली, टाचा न उचलता. दोनदा मोजलं. राइड बंद पडली म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "आपण बाहेरून बघू ना, आजोबा. तुम्ही मला दाराबाहेरून सांगा." आता काय करणार?

येताना आगगाडीत मी तिला निम्मं खरं सांगितलं. म्हटलं, चालू आहे, पण जरा रंग बदललाय. ती म्हणाली, चालेल.

हजेरीच्या खोलीच्या जागी आता स्टीलचे कठडे आहेत आणि एक टीव्ही आहे, तुला माहीतच आहे. ती ताठ चालत गेली. गाडीवरच्या माणसाने मला काठीसकट अडवलं. "आजोबा, तुम्हाला नाही बसता येणार." म्हटलं, "अहो, ही मी..." आणि पुढचं बोललो नाही. काय बोलणार? ही मी काय? उरले ते शेडचे पत्रे, आणि ते तर कंपनीचेच होते.

मग मी कठड्याला धरून उभा राहिलो. आणि मास्तर, आता मधल्या भिंती नाहीत ना, तिथून सगळं दिसतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वीस वर्षांत मी आत बसलेला माणूस कधी बघितला नव्हता. बघायची सोयच मी ठेवली नव्हती. चिमणी पुढच्या डब्यात होती, हात मांडीवर ठेवून. गाडी निघाली तशी तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. ती शोधत होती. पहिल्या वळणावर एक्केचाळीस वस्तूंपैकी कुठली यायची ते तिला तोंडपाठ आहे. दुसऱ्या वळणावरही तिने मान वळवून बघितलं. तिसऱ्यापासून नाही बघितलं. ती दिवे मोजायला लागली, बोटाने, एकेक. जिथे खेचर होतं तिथे तिला जांभई आली. मग उडी आली. केस उडाले, डबा आपटला, पुढचे मागचे दोघेतिघे ओरडले. तिचं तोंड मिटलेलं होतं. शाळेच्या बसमध्ये बसतात तशी बसली होती.

मी बघतोय हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, मी बाहेरच्या दारात असणार. मी काठी टेकत तिकडे पोचलो, तोवर ती बाहेर आली होती आणि मला शोधत होती. मी दिसलो तशी तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं. मग धावत येऊन मला मिठी मारली आणि मोठ्याने म्हणाली, "आजोबा, खूप भीती वाटली मला! खूप म्हणजे खूप!"

पडलेल्या लहान मुलाला आपण "काही नाही झालं हं" म्हणतो ना, तो आवाज होता तिचा.

सात वर्षांची आहे रे ती. तिला खोटं बोलता येत नव्हतं. टाचा उचलायची, पण विचारलं की लगेच सांगायची. माझ्यासाठी शिकली. एक मिनिट चाळीस सेकंदांत शिकली.

मी म्हटलं, "वाटणारच. खाणच आहे ती."

परत येताना तिने माझा हात धरला होता, मी तिचा नव्हे. जिना आला की "सावकाश" म्हणत होती. त्या दिवसापासून झोपताना ती गोष्ट मागत नाही. मीच एकदा सुरू केली, तर म्हणाली, "आज नको आजोबा, तुम्ही दमला असाल."

आता त्या दारात उभा राहू नकोस. कोणाला काही विचारू नकोस. भिंतीपलीकडे फिरायचं तेही बंद कर, मंगळवारी घरी आईजवळ बस.

आणि मला खाणीबद्दल काही लिहू नकोस. आईचं लिही, तुझ्या जेवणाचं लिही. लिहायला काही नसेल तर कोरा कागद घडी घालून पाठव. पोचला की मला कळेल.

मामा